पुस्तकात राहून गेलेलं ‘बसले’

१९९९ साली मी अर्जुनी मोरगावच्या वाचनालयात ग्रंथपाल म्हणून लागले. पुस्तकं वाचायला मिळतील, या एका लोभाने ती नोकरी धरली होती. दुपारी वाचक फारसे नसत. मागच्या खोलीत अद्रक ठेचून चहा करायचा, टेपरेकॉर्डरवर जुनी गाणी बारीक आवाजात लावायची आणि नवं पुस्तक उघडायचं, एवढं माझं सुख होतं.

त्या सुखात एक माणूस वाटेकरी झाला. ते कॉलेजात मराठी शिकवायचे. मी त्यांना सर म्हणायची. कॉलेज सुटलं की ते यायचे, चहा घ्यायचे आणि मी काय वाचतेय ते विचारायचे. गावात असं विचारणारं दुसरं कोणी नव्हतं.

काही वर्षांनी वाचनालयात कॉम्प्युटर आला, मग इंटरनेट. मराठी टाईप करायला सरांनीच शिकवलं आणि ब्लॉगही काढून दिला. माझ्याशी बोलता तसंच लिहा, म्हणाले. वाचनालयाचे समितीवाले म्हणतील, बाई ड्युटीवर हेच धंदे करते, या भीतीने मी नाव घातलं नाही. तीन वर्षं लिहीत राहिले: पुस्तकांवर, चहावर, कॅसेटींवर आणि सौंदडच्या मोठ्या आईवर. ती माझ्या मोठ्या काकांची बायको. धानाच्या रोवणीच्या वेळी चिखलात वाकून ती जी गाणी म्हणायची, ती मी टेप करून आणली होती. ती गेल्यावर तिच्यावर लिहिलेला लेख मी रडत रडत टाईप केला. सर प्रत्येक लेख आधी वाचायचे, एखादी वेलांटी सुधारायचे.

मग एकदा पुस्तकांच्या गठ्ठ्यात सरांच्या नावाचं पुस्तक निघालं. मला आधी आनंदच झाला. इतके दिवस बोलले कसे नाहीत, असं वाटलं. उभ्याउभ्याच उघडलं. पहिल्या पानावर मोठी आई बांधावर उभी होती.

सगळे लेख माझे होते. फक्त मी पुरुष झाले होते. ‘गेले’चं ‘गेलो’, ‘रडले’चं ‘रडलो’ केलं होतं. माझी मोठी आई त्यांची मोठी आई झाली होती. एका ठिकाणी मात्र ‘कॅसेट लावून ऐकत बसले’ तसंच राहून गेलं होतं. त्या एका शब्दावर बोट ठेवून मी बराच वेळ उभी होते.

दुसऱ्या दिवशी सर नेहमीच्या वेळी आले. मी पुस्तक पुढे ठेवलं. त्यांनी नजर चुकवली नाही, हेच मला जास्त लागलं.

“नेटवर बिननावाचं पडून होतं,” ते म्हणाले. “तुम्ही तर नाव देऊन नाही राहिल्या होत्या. निदान लोक वाचतील तरी.”

“मोठी आई माझी होती, सर.”

ते उठले. चहा न घेताच गेले.

समितीने त्या पुस्तकासाठी वाचनालयातच सरांचा सत्कार ठरवला. मी अध्यक्षांकडे गेले, ब्लॉगवरच्या तारखा दाखवल्या. त्यांनी कॉम्प्युटरकडे पाहिलंही नाही. “बाई, गावाचं नाव होऊन राहिलं, कायले वाद करता?” एवढंच म्हणाले. सूत्रसंचालन मी करावं, असंही सांगितलं. मी नाही म्हटलं. नोकरीत पहिल्यांदाच. सत्काराच्या दिवशी रजा टाकून सौंदडला गेले आणि मोठ्या काकांना सगळं सांगितलं. काकांना वाचता येत नव्हतं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, “तिचं नाव तरी टाकलं का त्यानं?”

नव्हतं टाकलं. मीही माझ्या लेखात टाकलं नव्हतं, हे तेव्हा लक्षात आलं.

पुढे सर कधीमधी पेपर वाचायला यायचे. मी पेपर द्यायची, ते सही करायचे. ते पुस्तक कपाटात आहे. कोणी मागितलं तर देते, ते माझं कामच आहे. त्यानंतर ब्लॉगवर मी काही लिहिलं नाही. जुने लेख कधी उघडते. पण वाचताना आता सरांच्या आवाजातलं ‘गेलो’, ‘रडलो’ कानात येतं, आणि दोन ओळींच्या पुढे मला जाववत नाही.