झोळीची दुसरी गाठ

आधीच सांगून ठेवते, मी असल्या गोष्टी मानणारी बाई नाही. कोणाच्या अंगात आलं म्हटलं की मी आधी ताप मोजायला सांगते. बारावी सायन्स शिकलेली आहे... थोडा माज म्हणा हवं तर. म्हणूनच हे इतकी वर्षं कुठे बोलले नाही.

सन दोन हजारच्या एक-दोन वर्षं आधीची गोष्ट. सासर चामोर्शी तालुक्यात, तलावाच्या पाळीला लागून घर. सासरचे लोक मासेमारी करणारे, माझं माहेर धानवाल्यांचं. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण ऐन वेळी आई काविळीनं पडली आणि मी सासरीच राहिले. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. घरात मी, आमचे हे आणि मामाजी, म्हणजे माझे सासरे. बाईमाणूस दुसरं नाही.

पोरगी बावीस दिवसांची होती. धड दूध ओढत नव्हती, रडून रडून निळी पडायची. दाई सकाळी तेल लावून जायची, मग दिवसभर मी आणि ती. सगळे म्हणायचे, आईपण आपोआप येते. मला काही आलं नव्हतं – खोटं कशाला बोलू? एकदा तर तिच्याकडे पाहून मी मोठ्यानं म्हणाले, "मले नाई जमत वो तुई माय होनं."

मामाजी ओसरीवर जाळं दुरुस्त करत बसले होते. त्यांनी ऐकलं. थोड्या वेळानं एवढंच म्हणाले, "तुई सासू असती त तुले अशी एकटी नसती सोडली, बाई."

पुढच्या आठवड्यात तलाव आटला आणि सगळं गाव एकाच दिवशी मासे मारायला उतरलं. आमचे हे पहाटेच गेले. पोरीची झोळी घराच्या मयालीला, म्हणजे वरच्या आडव्या लाकडाला टांगलेली असायची. ती बांधायचे मामाजी, नायलॉनच्या दोरीनं, जाळ्याच्या गाठीनं. त्या दिवशी पोरीनं झोळीचं लुगडं खराब केलं म्हणून मी ते सोडलं. मामाजी निघता निघता थांबले.

"थांब, मी बांधून देतो."

"जा न मामाजी. मले का गाठ मारता येत नाई?"

"नायलॉन आहे, बाई. सटकते."

"जा तुमी. मासे का तुमच्यासाठी थांबून राह्यले?"

ते हसून गेले. मी दुसरं लुगडं घेतलं आणि माहेरी धानाचा भारा बांधतात तशी गाठ मारली – पीळ द्यायचा, टोक आत खोचायचं. धानाच्या तणसाला ती पक्की बसते. नायलॉनला बसत नाही, हे मला कोण सांगणार... सांगितलं होतं, मी ऐकलं नाही.

दुपार झाली. दाराला आतून कडी घातली होती. पोरगी झोळीत रडत होती आणि मी चटईवर बसून झोका देत होते. झोळीच्या खालीच पाटा-वरवंटा, सकाळी खसखस वाटलेला. तो उचलून ठेवायचंही त्राण नव्हतं. बसल्या बसल्या कधी डोळा लागला, कळलं नाही.

जाग आली ती पोरीचं रडणं थांबलं म्हणून. झोळी हलत होती. सावकाश, एका लयीत. मला वाटलं मामाजी परत आले. मान वळवली तर घरात कोणी नाही, दाराची कडी तशीच. मी उठले आणि झोळी थांबली.

आत पोरगी शांत झोपलेली. मग वर पाहिलं. मी मारलेली गाठ पूर्ण सुटली होती, दोरीचं टोक खाली लोंबत होतं. आणि त्याच दोरीला, वीतभर वर, दुसरी गाठ होती. पोरीचा सगळा भार तिच्यावर.

पोरीला काढून छातीशी धरलं, भिंतीला टेकून बसले. ती दूध प्यायला लागली. बावीस दिवस आणि वर आठवडा, पहिल्यांदा पोटभर प्यायली. मी रडत होते आणि ती पीत होती.

दिवस मावळायच्या आत मामाजी आले. मी गाठ दाखवली.

"कोनी आलतं?"

"नाई."

"तू बांधली?"

"मले येते का हे गाठ?"

त्यांनी गाठीला हात लावला नाही. मग खुंटीवरचं एक जुनं जाळं काढून आणलं आणि त्या गाठीशेजारी धरलं. ते सासूबाईंनी विणलेलं होतं. सासूबाई डावखुऱ्या होत्या, हे मला त्या दिवशी कळलं. घरातल्या बाकी जाळ्यांच्या गाठींचा फेरा एकीकडे, सासूबाईंच्या गाठींचा उलटीकडे. झोळीच्या गाठीचाही उलटीकडेच.

मी म्हटलं, "मामाजी, माह्या हातानं पोरगी गेली असती."

ते म्हणाले, "म्हनलं होतं न मी. एकटी नसती सोडली."

पुढे एका डॉक्टरीणबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, थकलेली बाळंतीण झोपेत काहीही करते, नंतर आठवत नाही. असेल. मामाजींनी मला ती गाठ शिकवली, उजव्या हाताची. डाव्या हातानं मी शेकडो वेळा मारून पाहिली, आजही जमत नाही.

दुसरी गाठ कोणी मारली ते मला माहीत नाही. माझी सुटली होती, तेवढं माहीत आहे.