खोडीसकट सोंग

"दोन्ही उत्तरं बरोबर कशी असतील?" खानझोडे साहेबांनी विचारलं.

साहेब आमच्या कम्प्युटर सेंटरचे प्रमुख. त्यांच्या एका हातात जुन्या मशीनने छापलेला कागद होता, दुसऱ्या हातात नव्याचा. प्रश्न एकच होता. उमरेडच्या बाजूला एका कोळसा खाणीत नवा सेक्शन उघडायचा होता, तिथे शेवटच्या टोकापर्यंत पुरेशी हवा पोचेल का? जुनं मशीन म्हणत होतं, नाही पोचणार. नवं म्हणत होतं, खुशाल जा.

"दोन्ही बरोबर नाहीतच, सर," भोयर मॅडम म्हणाल्या. "एक चुकतंय. कोणतं, ते मला अजून माहीत नाही."

"मला माहीत आहे. जे शुक्रवारी भंगारात चाललंय, ते."

"कशावरून?" मॅडमनी विचारलं.

हा 'कशावरून' म्हणजे वंदना भोयर मॅडमची खूण. गणितात एम.एस्सी. झालेल्या, आवाज बारीक, आणि समोर कोणीही असो, हा प्रश्न विचारल्याशिवाय पुढे जायच्या नाहीत. साहेबांना त्याचा भयंकर राग यायचा. मला मात्र मजा वाटायची, कारण मी मेंटेनन्स इंजिनिअर होतो आणि मशीनं दुरुस्त करताना मलाही हाच प्रश्न स्वतःला विचारावा लागायचा.

ही गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची. आमचं सेंटर सीताबर्डीपासून सायकलच्या टप्प्यात होतं. मशीन ठेवायला एसी लावलेली एकच मोठी खोली. मार्च लागला की अख्ख्या ऑफिसला त्या खोलीत काही ना काही काम निघायचं. नवं मशीन आलं तेव्हा जुन्याला थोडं सरकवून दोघांना तिथे दाटीवाटीने बसवलं होतं. पण नागपूरचा मे महिना त्या एसीने दोघांसाठी निभावला नसता. म्हणून जुन्याने जायचं ठरलं होतं.

अडचण एका प्रोग्रामची होती. जमिनीवरचा मोठा पंखा खाणीत हवा खेळवतो, पण बोगद्यांना शंभर फाटे. संत्र्याच्या बागेत पाटाचं पाणी सोडलं तर शेवटच्या झाडापर्यंत किती पोचेल, तसलाच हा हिशेब. तो करणारा प्रोग्राम आमच्याच नानोटे साहेबांनी काही वर्षांपूर्वी लिहिला होता. ते रिटायर होऊन काटोलला आपल्या बागेत जाऊन बसले. त्यांच्या मूळ प्रोग्रामची भोकं पाडलेली कार्डं वाळवीने खाल्ली. उरलं ते फक्त जुन्या मशीनला कळणारं आकड्यांचं रूप. ते माणसाला वाचता येत नाही आणि दुसऱ्या जातीच्या मशीनला चालत नाही. सगळं पुन्हा लिहायचं तर वर्ष गेलं असतं.

यावर मॅडमनी तोड काढली होती. प्रोग्राम बदलता येत नसेल तर मशीनलाच फसवायचं, म्हणजे नव्या मशीनने जुन्याचं सोंग घ्यायचं. नव्या मशीनच्या पोटात एक असा प्रोग्राम चालवायचा, की जो जुन्या मशीनसारखा वागतो, आज्ञा आली की तसंच करतो. बिचाऱ्या जुन्या प्रोग्रामला कळतही नाही की आपलं घर बदललं.

त्याचा सांगाडा मिळाला तो दक्षिणेतल्या एका विद्यापीठातल्या संशोधकांकडून. त्यांनी आमच्याच जातीच्या मशीनचं सोंग लिहिलं होतं आणि मागेल त्याला ते टेपवर पाठवत होते, सगळ्या सोर्ससकट. सोर्स म्हणजे माणसाला वाचता आणि बदलता येईल असा मजकूर. अट एकच होती. काही सुधारलंत तर आम्हालाही कळवा. आज अशा सोंगाला व्हर्च्युअल मशीन म्हणतात आणि असं वाटण्याला ओपन सोर्स. तेव्हा आम्ही एवढंच म्हणालो, भली माणसं आहेत.

मॅडमनी मॅन्युअल उशाशी घेऊन ते सोंग आमच्या मशीनला बेतलं. मॅन्युअलमधल्या सगळ्या परीक्षा त्यात पास झाल्या. आणि पहिल्याच खऱ्या कामाला दोन मशीनं दोन तोंडांनी बोलायला लागली.

तेवढ्यात फोन वाजला. खाणीचे मॅनेजर गजभिये लाइनवर होते.

"मॅडम, माह्या लोकाईले तिथं हवा पुरन का नाही, तेवढं सांगा. सेक्शन चालू करा म्हणून वरून रोज फोन येऊन राहिला."

"आत्ता माहीत नाही," मॅडम म्हणाल्या. "मी सांगेपर्यंत कोणाला आत पाठवू नका."

साहेब उडालेच. "खाण थांबवणाऱ्या तुम्ही कोण?"

"मी थांबवली नाही, सर. माहीत नाही, एवढंच सांगितलं."

साहेबांची बाजू अगदीच लंगडी नव्हती, हे सांगायला हवं. जुनं मशीन खरोखर म्हातारं झालं होतं. दिवसातून दोनदा बंद पडायचं. त्याच्या पंख्यातला कचरा मीच काढायचो. अशा मशीनवर विश्वास ठेवून नव्याला खोटं पाडायचं, हे कोणालाही विचित्रच वाटलं असतं. खाण खोळंबली तर दिल्लीपर्यंत उत्तरं द्यावी लागणार ती साहेबांना. पण बोगद्याच्या टोकाशी उभी राहणार होती ती गजभियेंची माणसं. हवा कमी पडली तर तिथे गॅस साचतो, आणि साचलेल्या गॅसला एक ठिणगी पुरते.

"शुक्रवारपर्यंत वेळ आहे ना, सर?" मॅडम म्हणाल्या. "जुनं जिवंत आहे तोवरच हे कळेल. गेल्यावर विचारायचं कोणाला?"

साहेब दोन्ही कागद टेबलावर टाकून निघून गेले. ते आम्ही होकार समजलो.

मग आम्ही दोघं कामाला लागलो. जुन्या मशीनच्या पुढच्या पॅनेलवर दिव्यांच्या ओळी असायच्या. एक बटण दाबलं की मशीन एकच आज्ञा पाळून थांबायचं, आणि पोटात काय आहे ते दिव्यांवरून वाचता यायचं. मी बटण दाबायचो आणि दिवे वाचायचो. मॅडम नव्या मशीनच्या छापील कागदावर तीच पायरी बघायच्या. "पेटलेला, विझलेला, पेटलेला..." मी म्हणत जायचो. "जुळतंय. पुढे," त्या म्हणायच्या. बेरीज जुळली. वजाबाकी जुळली. माझे डोळे चुरचुरायला लागले, तरी त्या हलेनात. इतकं नीरस काम इतक्या आनंदाने करणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

दुपारचा चहा आला आणि तेव्हाच गुणाकाराची पायरी आली. अगदी शेवटचा दिवा जुन्यावर विझलेला होता. कागद म्हणत होता, पेटलेला हवा.

"पुन्हा करा."

मी पुन्हा केलं. तेच.

मॅन्युअलमध्ये स्पष्ट होतं. गुणाकार झाला की उरलेला बारीक भाग बघायचा. अर्धा किंवा जास्त असेल तर शेवटचा आकडा एकाने वाढवायचा. शाळेत शिकवतात तेच. आमचं जुनं मशीन ते करतच नव्हतं. उरलेला भाग सरळ गिळून टाकत होतं. मी कॅबिनेट उघडलं. आत, सर्किटच्या ज्या कार्डावर हे काम व्हायचं त्याच्यावरून एक तार फिरवून त्याला कामातून बाहेर काढलं होतं. सोल्डरिंग इतकं सुबक होतं की मी रुजू झाल्यापासून ती तार कंपनीचीच समजत आलो होतो.

साहेबांना बोलावलं. ते खूश झाले. "मी काय म्हणत होतो? जुनं चुकतंय. आता गजभियेंना फोन करा, हवा पुरते म्हणावं."

मला वाटलं, संपलं. मॅडम स्वतः शोधून काढलेल्या पुराव्यानेच हरल्या.

त्या मात्र तारेकडे बघत होत्या. "जुनं चुकतंय, मान्य. पण सर, नानोटे साहेबांनी प्रोग्राम लिहिला तो याच चुकणाऱ्या मशीनवर. त्यांना हे माहीत होतं का?"

"त्याने काय फरक पडतो?"

"तेच विचारायला काटोलला जाते उद्या. देशकर, तुम्ही येता?"

सकाळच्या एसटीने गेलो. मृगाच्या बहाराची तोड चालू होती. बागेत संत्र्यांचे ढीग लागलेले, व्यापाऱ्यांची माणसं पेट्या भरत होती. नानोटे साहेब धोतर खोचून मधोमध उभे. ऑफिसात नेहमी टायमध्ये पाहिलेला माणूस, मला ओळखायला क्षणभर लागला.

"काहून गा देशकर, मशीन मेलं का?"

"अजून नाही, सर."

मॅडमनी तारेचं सांगितलं. नानोटे साहेब हसायलाच लागले. "अवं, ते कार्ड जळलं होतं. परदेशातून पार्ट काही आला नाही. मंग तार टाकून भागवलं. तवापासून ते शेवटचा आकडा गिळून राहिलं होतं."

"मग तुमचा प्रोग्राम?"

"त्यातच सोय केली ना! दर गुणाकाराच्या आंधी तेवढं भर टाकून द्याचो, मशीन गिळन म्हणून. मंग खाणीत उतरून हवा मोजून पाह्यली. बराबर जुळली, तवा कुठी जेवण गेलं मले."

मॅडम एका पेटीवर बसल्या. सगळा उलगडा झाला होता. मशीन कमी करणार म्हणून नानोटे साहेबांनी आधीच भर घातली होती. आमचं सोंग मॅन्युअलबरहुकूम होतं, अगदी निरोगी. ते आपली भर वेगळी घालत होतं. एकाच गोष्टीची भर दोनदा. एका गुणाकारात ती दिसायचीही नाही, पण हजारो गुणाकार झाले की खाणीत नसलेली हवा कागदावर वाहायला लागायची.

"सर, हे तुम्ही कोणाला सांगितलं का नाही?"

"कोणाले सांगू वं? साऱ्याईले माहीत होतं!"

त्या साऱ्यांपैकी एकही जण आता ऑफिसात नव्हता. निघताना त्यांनी संत्र्यांची एक पिशवी माझ्या गळ्यात घातली, आणि मॅडमना म्हणाले, "माह्या प्रोग्रामसाठी एवढ्या दूर आली वं तू. बरं वाटलं पोरी."

ऑफिसात आल्यावर मॅडमनी सोंगात दुरुस्ती केली. दुरुस्ती कसली, चूक घातली. शेवटचा आकडा जसा जुनं मशीन गिळायचं तसा गिळायला शिकवलं.

"नव्या मशीनला मुद्दाम चुकायला शिकवता?" साहेब म्हणाले.

"सोंग घ्यायचं तर खोडीसकट घ्यावं लागतं, सर."

दोन्ही मशीनं पुन्हा चालवली. दोन कागद शेजारी ठेवले. शेवटच्या आकड्यापर्यंत एकच उत्तर. हवा पुरत नव्हती.

साहेबांनी दोन्ही कागद ओळीओळीने ताडून पाहिले. मग त्यांनी स्वतः फोन उचलला. "गजभिये, कोणालाही आत पाठवू नका. वरून कोणी विचारलं तर माझं नाव सांगा." त्या क्षणी मला त्यांचाही फार अभिमान वाटला.

गजभियेंनी वरच्यांशी भांडून जास्तीचा पंखा बसवून घेतला. आम्ही नव्या पंख्यासकट हिशेब केला, तो नव्या मशीनवर, कारण जुनं तोवर ट्रकमध्ये चढलं होतं. सेक्शन उघडल्यावर गजभियेंनी टोकाला उभं राहून हवा मोजली आणि फोन केला. "मॅडम, तुमच्या कागदासारखीच हवा हाय. पोरं काम करून राहिले, गाणे म्हणून राहिले." मॅडमनी फोन ठेवला आणि खिडकीकडे तोंड करून पदराने डोळे टिपले. मी स्क्रू शोधायचं निमित्त केलं.

एक काम उरलं होतं. टेपवाल्या भल्या माणसांना कळवायचं. साहेब नको म्हणत होते. "आपलं मशीन इतकी वर्षं नादुरुस्त होतं, हे गावभर सांगायचं?"

"आपण आपसातच ठेवलं, सर, म्हणून तर फसलो. त्यांनी सोर्स लपवला असता तर हे सोंग आपल्याला बदलताही आलं नसतं."

मॅडमनी सोंगात एक ऐच्छिक खटका ठेवला होता. तो चालू केला की मशीन शेवटचा आकडा गिळतं. खटक्याचं नाव ठेवलं होतं 'नागपूर'. साहेबांनी छापून काढलेल्या सोर्समध्ये ते वाचलं, नाक मुरडलं, आणि स्वतःच्या पेनाने खाली एक ओळ वाढवली. मॅडमनी ती सोर्समध्ये उतरवली आणि टेप गेली.

मध्यंतरी एका जुन्या सहकाऱ्याने मला तोच प्रोग्राम इंटरनेटवर दाखवला. जुनी मशीनं सोंगाने जिवंत ठेवणारी हौशी मंडळी आहेत, त्यांनी तो जपलाय. कितीतरी हातांनी तो बदलला आहे. नानोटे साहेब गेले, खानझोडे साहेब गेले, मशीन तर केव्हाच वितळलं. 'नागपूर' खटका मात्र जागेवर आहे आणि त्याखाली साहेबांची ओळ, इंग्रजीत. कृपया काढू नये, ते मशीन तसंच होतं.

मॅडमना फोन करून सांगितलं. पलीकडून बारीक आवाज आला, "कशावरून?" मी ओळ वाचून दाखवली, तेव्हा कुठे त्या हसल्या.

नोकरीत मी बऱ्याच गोष्टी शिकलो, पण सांगण्यासारखी एकच. जे साऱ्यांना माहीत असतं, ते आधी लिहून ठेवावं. सारे रिटायर होतात.