पालखी मागे फिरत नाही

कल्याणातली आमची आळी सरदारांच्या वाड्याशी येऊन संपायची. पुढे रस्ताच नव्हता. चैत्रात देवीची पालखी वाड्याच्या मोठ्या दरवाजातून आत शिरायची आणि मागच्या दारातून तळ्याकडे निघायची. एकदा उचललेली पालखी मागे फिरवायची नाही, खाली टेकवायची नाही, हा आळीचा कायदा.

मग वाडा पाडून टॉवर करायचं ठरलं. वाड्याच्या धन्यांनी बिल्डरकडून फ्लॅट मागून घेतले, पार्किंग घेतलं, देवघरसुद्धा घेतलं. पालखीच्या वाटेचा करारात उल्लेखच नाही! मी विचारलं तर म्हणाले, "अहो, हे काय लिहून घ्यायचं असतं? सगळ्यांना माहीत आहे की." घरंदाज माणसांची ही जुनी खोड. मी रागाने चहा न घेताच उठले.

व्हायचं तेच झालं. पालखी आली तेव्हा पाडलेल्या वाड्याच्या मोकळ्या जागेपलीकडे नवी भिंत उभी.

"ताई, मेन रोडने फिरवून न्या ना. काय प्रॉब्लेम आहे?" बिल्डरचा इंजिनियर म्हणाला.

"फिरवायची नाही, हाच प्रॉब्लेम आहे," मी म्हटलं.

धनी पुढे आले. म्हणाले, "जागा माझी होती, ती मी विकली. देवीची वाट माझी कधी नव्हतीच. ती कशी विकेन?" इंजिनियरने शेठला फोन लावला. शेठ काही ऐकेना.

ऊन मी म्हणत होतं. आळीतली तरुण मुलं कामावर गेलेली, खांद्याला सगळे साठीचे. एकाचे पाय लटपटायला लागले. मी पदर खोचला आणि दांड्याखाली शिरले.

"अगं, बायका नाही लावत खांदा!" दांड्याजवळचे एक काका ओरडले.

"मग टेकू दे देवी खाली. चालेल?"

काका बाजूला झाले. माझ्यामागून शेजारीण आली, मग तिची सून, मग मासळीवाली मावशी. दमलेल्या एकेका खांद्याखाली एकेक बाई. आता पालखी रात्रभरसुद्धा उभी राहिली असती. इंजिनियरने पुन्हा फोन लावला. "सर, हे लोक हलणार नाहीत. आता तर लेडीज पण आल्यात."

थोड्या वेळाने त्याच्याच मजुरांनी भिंतीवर घण घातला. आम्ही विटा तुडवत पलीकडे गेलो, आणि मी तळ्याच्या वाटेवर आनंदाने रडले.

आता टॉवर उभा आहे. खालच्या खांबांमधून रुंद वाट सोडलीय, तिथे कुणी गाडी लावत नाही. यंदाच्या चैत्रात पालखी तिथूनच गेली. पुढचा दांडा माझ्या खांद्यावर होता.