मुजरा गेला, 'मे आय' आलं

किस्से गोळा करायला म्हणून कुणी घराबाहेर पडत नाही. मी तर लेकीच्या काळजीनं इंग्रजी शिकायला बाहेर पडले होते. वर्षभरात इंग्रजी किती साठलं ते विचारू नका. किस्से मात्र ओटीत मावेनात!

काळजी अशी होती. नलूला, म्हणजे आमच्या पाच वर्षांच्या मुलीला, पुढच्या वर्षी मिशनच्या इंग्रजी शाळेत घालायचं ठरलं. तिथल्या मुख्य मदर प्रत्येक मुलाला समोर बोलावून स्वतः पारखतात आणि 'मे आय कम इन' म्हटल्याशिवाय उंबरा ओलांडू देत नाहीत, अशी बातमी होती. आमची नलू दिवसभर शेजारच्या आक्कांच्या गोठ्यात. 'मी येऊ का?' हे तिनं अख्ख्या शिवाजी पेठेत मराठीतसुद्धा कुणाला विचारलेलं नव्हतं! त्या उन्हाळ्यात माझी झोप उडाली ती या 'मे आय'पायी.

हे म्हणाले, "अगं, तू मॅट्रिक ना? शिकव की तूच."

मॅट्रिक होते म्हणूनच तर झोप उडाली होती. आपल्याला काय काय येत नाही, याची यादी मला पाठ होती.

*

कोल्हापूर संस्थान विलीन झालं आणि मुंबई-मद्रासकडचे साहेब गावात आले. वाकून मुजरा केला की भागायचं, ते दिवस गेले. आता साहेबांच्या बायकांशी इंग्रजीत बोलायचं! म्हणून पुण्याहून आलेल्या एका बी. ए. बाईंनी दर गुरुवारी दुपारी आपल्या घरी आम्हा बायकांचा वर्ग काढला. माझ्याबरोबर आक्काही यायला लागल्या. त्यांचे मालक, म्हणजे यजमान, म्युनिसिपालिटीत निवडून आले होते, त्यामुळे साहेबांकडच्या चहापार्ट्या त्यांना चुकत नव्हत्या.

पहिल्याच दिवशी बाईंनी फळ्यावर जिना काढला. तळाशी 'मस्ट', म्हणजे हुकूम. वरच्या पायरीवर 'शुड', म्हणजे उपदेश. मग 'मे', म्हणजे परवानगी. आणि पार माडीवर 'वुड यू' आणि 'कुड यू', म्हणजे सभ्य माणसांची विनंती.

"व्याकरणात यांना डिफेक्टिव्ह म्हणतात," बाई म्हणाल्या. "म्हणजे अपुरी क्रियापदं."

स्वतः अपुरी, पण हुकूम, उपदेश, परवानगी, सगळं यांच्याच हातात! अशी माणसं माझ्या सासरी बरीच असल्यामुळे तो धडा मला लगेच समजला.

*

बाईंनी गृहपाठ दिला : आठवडाभर घरात कुणालाही काम सांगताना 'वुड यू प्लीज' म्हणायचं.

पुढच्या गुरुवारी आक्का म्हणाल्या, "म्हशीला म्हटलं की ओ! 'वुड यू प्लीज, सरक जरा.' निस्ती बघत राहिली. मग घातली एक हाळी, तवा सरकली!"

"अहो आक्का, माणसांना म्हणायचं होतं ते!"

"मालकास्नी बी म्हटलं की. त्येनी बी तसंच बघिटलं!"

*

बाई फार शिस्तीच्या. वर्ग संपला की विचारायच्या, "वुड यू लाइक सम टी?" म्हणजे, चहा आवडेल का?

आता, दुसऱ्याच्या घरी चहा विचारला की पहिल्यांदा 'नको' म्हणायचं, दुसऱ्यांदा 'कशाला उगीच' म्हणायचं आणि तिसऱ्यांदा कप हातात घ्यायचा, हे आम्हाला आयांनी शिकवलेलं. आम्ही एका सुरात म्हणालो, "नो, थँक यू!"

बाई म्हणाल्या, "व्हेरी वेल," आणि किटली आत घेऊन गेल्या!

असे तीन गुरुवार गेले. चौथ्याला आक्का उठून उभ्या राहिल्या. "बाई, त्ये 'वुड यू' माडीवर ऱ्हाऊ द्या. आमास्नी सरळ 'मस्ट' म्हणा!"

"आक्का, पाहुण्यांना 'मस्ट' म्हणणं बरं दिसत नाही."

"न्हाय का दिसंना! च्या तर मिळंल?"

*

पण या 'मस्ट'चा खरा हिसका आक्कांनी दाखवला तो साहेबांच्या बंगल्यावर. पार्टी संपली तेव्हा मडमेसारख्या नटलेल्या साहेबीणबाई सगळ्यांनाच गोड आवाजात म्हणत होत्या, "यू मस्ट कम अगेन!" आम्ही हसलो, नमस्कार केला आणि घरी आलो. तेवढंच करायचं असतं म्हणे.

आक्का दुसऱ्या दिवशी सकाळी सातला बंगल्यावर हजर! बरोबर निरशा दुधाची कासंडी. साहेबीणबाई केस मोकळे, डोळे चोळत बाहेर आल्या.

नंतर मी आक्कांना म्हटलं, "अहो, ते नुसतं म्हणायचं असतं!"

"नुसतं? हुकूम हाय की त्यो! तळातल्या पायरीवरचा!"

आम्ही वर्षभर 'मस्ट' घोकत बसलो. आक्कांनी त्या एका 'मस्ट'वर बंगल्याचा रतीब मिळवला!

*

आमच्या ह्यांना वाटायचं, बायकांचंच हसं होतं. मग ह्यांच्या कचेरीत नवे साहेब आले. फाइल पाहून झाल्यावर म्हणाले, "यू मे गो."

हे जागचे हलले नाहीत. साहेबांनी पुन्हा सांगितलं, "यू मे गो." हे तसेच, हात जोडून! तिसऱ्यांदा साहेब ओरडले, "गो!" तेव्हा हे निघाले.

"थांबलात कशाला पण?" मी विचारलं.

"तूच घरात घोकत असतेस ना, 'मे' म्हणजे परवानगी? परवानगी दिली म्हणून माणसानं लगेच पळत सुटायचं का? काही अदब आहे की नाही!"

शिकवणारी मी. दोष कुणाला देणार?

*

इकडे नलूची तयारी चालूच. काहीही घ्यायच्या आधी 'मे आय' म्हणायचं, असा मी नियम घातला. पहिले दोन दिवस ती लाडू तोंडात कोंबून मग 'मे आय' म्हणायची. तिसऱ्या दिवशी डब्याशी उभी राहून तिनं अगदी शहाण्यासारखं विचारलं, "मे आय?"

जेवणाची वेळ झाली होती. मी म्हटलं, "नो."

तिनं भोकाड पसरलं. "म्हटलं की मी! मग देत का न्हाईस? उगंच म्हणायला लावतीस व्हय?"

मी सगळा जिना खालून वर, वरून खाली पाहिला. शेवटी डबाच उघडला.

*

अखेर शाळेचा दिवस उजाडला. मी इरकली नेसले, नलूच्या वेण्या इतक्या घट्ट घातल्या की तिच्या भुवया वर गेल्या. दारात तिनं खणखणीत आवाजात विचारलं, "मे आय कम इन?" माझा जीव भांड्यात पडला. मदरनी खुर्ची दाखवली, तर "मे आय सिट डाउन?" विचारून मगच ती बसली!

मी मागे उभी. माझ्याशेजारीही एक खुर्ची होती. पण आपण होऊन बसावं कसं? विचारावं तर 'मे आय' की 'कॅन आय'? की 'माइट आय'? 'माइट' तर बाईंनी पुढच्या गुरुवारी ठेवलेलं! माझं काही ठरेना आणि मदरचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. नाव झालं, दहापर्यंत आकडे झाले, चित्रातली मांजर झाली. पायाला मुंग्या आल्या, तरी मी आपली हसऱ्या तोंडानं उभी.

शेवटी मदरनी मोठ्या वहीत नलूचं नाव लिहिलं आणि म्हणाल्या, "शी विल डू व्हेरी वेल." माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मग इतकी वर्षं कोल्हापुरात काढलेल्या त्या मदर पुढे वाकल्या आणि नलूला चक्क मराठीत म्हणाल्या, "शहाणी मुलगी. आता तुला मला काही विचारायचंय?"

नलूनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी डोळ्यांनीच 'नाही' म्हणून खुणावलं.

"मला काय न्हाय," नलू म्हणाली, "पर आमच्या आईला बस म्हणा की! मघाधरनं उभी हाय!"