पंखवाल्यांचे नियम

पृथ्वीबाहेर कुठे जीवसृष्टी असलीच, तर तिथल्या आस्थापना शाखेचं काम माझ्या साडूंच्याच टेबलावर असणार, याबद्दल मला कधी शंका वाटली नाही. दिवसा ते नाशकातल्या एका सरकारी कार्यालयात ज्येष्ठता याद्या करत आणि संध्याकाळी विज्ञानकथा लिहीत. इतरांच्या कथांतून यानं उडत, किरणांच्या बंदुका चालत. साडूंच्या ग्रहावर पंख असलेली माणसं राहत आणि त्यांच्या बदल्या होत. पिसं झडण्याच्या दिवसांत त्यांना भरपगारी रजा असे, प्रवासभत्ता मात्र नसे. "पंख जन्मतःच मिळालेत साडूभाऊ, भत्ता कशाचा मागणार?" ते मला म्हणत. रविवारी मला स्कूटरवर मागे बसवून ते गंगापूर धरणावर नेत आणि कोणता बगळा आधी उतरतो, कोणता मागून, हे वहीत टिपत. "छे, यांच्यात ज्येष्ठता म्हणून पाळतच नाहीत," असं म्हणून हिरमुसले होऊन परतत.

एकदा तर कथेसाठी आखलेला तक्ता चुकून कार्यालयाच्या टपालात गेला. साहेबांनी नेहमीप्रमाणे न वाचता सही ठोकली आणि प्रत्येक तालुक्याकडून कर्मचाऱ्यांच्या पंखविस्ताराची माहिती मागवली गेली. बाकीचे गप्प बसले. पेठ तालुक्याच्या कार्यालयाने मात्र इमानाने कळवलं, 'पंखविस्तार: निरंक'. साहेब आठ दिवस साडूंशी बोलले नाहीत, आणि साडू आठ दिवस पेठच्या कारकुनाचं कौतुक करत होते. नांदगावच्या एका लग्नात "आमच्या पंखवाल्यांत थकलेला आधी जेवतो" म्हणत त्यांनी नवरदेवाच्या मामाला पानावरून उठवलं आणि सामान वाहून दमलेल्या हमालाला तिथे बसवलं. "ओ पाहुणे, लय झालं हां तुमचं!" मामा कडाडले. त्यांची समजूत काढताना माझ्या नाकी नऊ आले.

या भल्या माणसाला आयुष्यात एकच हवं होतं: दिवाळी अंकात एक तरी कथा छापून यावी. अकरा वर्षं सगळं साभार परत येत होतं. बाराव्या वर्षी एका संपादकांचं कार्ड आलं. कथा आवडली, छापतो, फक्त त्यातली पंख नसलेली बाई काढा, तिच्यामुळे गोष्ट रेंगाळते.

साडू कार्ड घेऊन थेट माझ्याकडे आले. मी म्हटलं, "काढा की! एक बाई तर आहे."

"ती काढली तर घरटी वर न्यावी लागतील हो," ते म्हणाले. पंखवाल्यांचा पहिला नियमच तो होता. ज्याला उडता येत नाही तो जिथवर चढू शकतो, त्याहून वर कुणी घरटं बांधायचं नाही. ती एक बाई होती म्हणून अख्खी वसाहत खालच्या फांद्यांवर राहत होती. माझ्या मेहुणीचा एक पाय लहानपणापासून अधू. वरच्या मजल्यावरची हवेशीर जागा सोडून साडूंनी तळमजल्यावरच्या ओल आलेल्या दोन खोल्या का घेतल्या, हे मला ठाऊक होतं. तरी मी "काढा की" म्हणालो, याची आजही लाज वाटते.

त्यांनी संपादकांना कार्यालयीन भाषेत उत्तर लिहिलं: 'सदर बाईंना कमी करता येत नाही. बाकीची व्यवस्था त्यांच्यावर अवलंबून आहे.' कथा परत आली. पुढे त्यांचं काहीच कुठे छापून आलं नाही.

साडू जाऊन आता तीन वर्षं झाली. मेहुणी गंगापूर रोडला मुलाकडे असते, तिसऱ्या मजल्यावर. मुलगा-सून मायेची आहेत, पण जिने तिला जमत नाहीत, त्यामुळे महिनोन्‌महिने तिचे पाय जमिनीला लागत नाहीत. परवा भेटायला गेलो. चहा देता देता ती सहज म्हणाली, "यांच्या त्या झाडावर एखादी खोली मिळाली असती तर बरं झालं असतं."

तिने ती कथा वाचली होती, हे मला तेव्हा कळलं.