कुणीच न नेलेली पुस्तकं

त्या वर्षी माझ्या पायाला भिंगरी लागल्ती. बी.लिब. झालेला, नोकरीचा पत्ता न्हाई, म्हणून अंबडच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात वर्षभरासाठी पदवीधर शिकाऊ उमेदवार म्हणून लागल्तो. नव्वदीच्या मधली वर्षं ती. सकाळी अंकुशनगरहून एसटीनं यायचं, संध्याकाळी एसटीनं परत जायचं आणि मधल्या वेळात दर पंधरा मिनिटाला घड्याळ बघायचं. पोस्टमनची सायकल फाटकात दिसली की मी काउंटर सोडून पळायचो. औरंगाबाद, पुणं, नाशिक, जिथं जागा निघाली तिथं अर्ज टाकून ठेवल्ते. कुठूनही बोलावणं आलं असतं तर मी उभ्या पायानं निघालो असतो.

आमचे ग्रंथपाल सर बिलकुल उलटे. रोज सकाळी एक कपाट घ्यायचं, त्यातलं एकेक पुस्तक हातात घ्यायचं, झटकायचं, जागेवर ठेवायचं. मी दुरूनच कपाटावर नजर फिरवली की म्हणायचे, "किराणा दुकानातल्या बरण्या हायेत का रे त्या, वरून बघायला?" मला वाटायचं, ह्या माणसाला कुठं जायचंच न्हाई, म्हणून ह्याला कशाची घाई न्हाई. मनातल्या मनात मी त्यांच्यावर चिडून राह्यलो होतो, आणि ते त्यांना कळत होतं.

फेब्रुवारीत एका ठिकाणचं मुलाखतीचं पत्र आलं. त्याला अनुभवाचा दाखला पाहिजे. सर म्हणाले, "देतो की. निर्लेखन तेवढं उरकून घे." निर्लेखन म्हणजे जी पुस्तकं कुणी वाचत न्हाई ती रजिस्टरातून कमी करायची. त्याची रीत सोपी होती. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी तारखेची चिठ्ठी चिकटवलेली असते. पुस्तक कुणी घरी नेलं की तिच्यावर शिक्का पडतो. पाच वर्षांत एकही शिक्का न्हाई, ते पुस्तक यादीत घालायचं. "यादी झाली की थांब," सर म्हणाले, "मी एकदा नजर टाकतो, मंग पुढं." आणि ते पुतणीच्या लग्नाला आठ दिवस रजेवर गेले.

आठ दिवस थांबतो कोण? मी तीन दिवसांत यादी केली, प्राचार्यांची सही घेतली आणि सुटलो. पुस्तक उघडायचं, पहिल्या पानावर लाल शाईत 'रद्द' हाणायचं, पुढचं घ्यायचं. अर्थशास्त्र आणि इतिहासाची दोन कपाटं रिकामी केली, गठ्ठे सुतळीनं बांधले आणि मागच्या खोलीत ढकलून दिले. हात लालभडक झाल्ते. लई दिवसांनी काहीतरी जल्दी झालं म्हणून खूश होतो.

दुसऱ्या दिवशी एक वाजता ती बाई आली. पस्तिशीतली, अंगणवाडीत सेविका. दुपारी पोरं घरी गेली की अभ्यासिकेत यायची, कोपऱ्यातल्या टेबलावर वाचत बसायची, चारला उठून जायची. पुस्तक स्वतः काढायची आणि बराबर त्याच जागी स्वतः ठेवायची. त्यामुळं तिच्यापायी मला कधी हातसुद्धा हलवावा लागला न्हाई, आणि आपणहून तिची चौकशी करायची मला कुठली फुरसत?

ती रिकाम्या कपाटासमोर थांबली. मंग काउंटरला येऊन म्हणाली, "दादा, तिथली पुस्तकं कुठं ठेवली?"

"काढून टाकली. कुणी वाचत न्हाई ती."

"मी वाचते की."

हळूहळू सगळं बाहेर आलं. ती बाहेरून बी.ए.ला बसलेली, शेवटचं वर्ष. कॉलेजच्या पोरांचा अभ्यासक्रम बदलला, पण बाहेरून बसणाऱ्यांना अजून जुनाच होता. म्हणून पोरं ती पुस्तकं नेत नव्हती. ती आमच्या कॉलेजची न्हाई, तिला कार्ड न्हाई, म्हणून तिला घरी नेता येत नव्हती. बी.ए. झाली तर मुख्यसेविकेच्या जागेला अर्ज करता येणार होता. "यंदाच हाय जे काय हाय ते," ती म्हणाली, "पुढच्या साली मी वयात बसत न्हाई." परीक्षेला महिना राहिल्ता.

मी मागं पळालो, गठ्ठे सोडले, तिनं सांगितलेली पाच पुस्तकं हुडकून आणली. पहिल्या पानावरचं लाल 'रद्द' तिनं बघितलं, पान उलटलं आणि जाऊन वाचायला बसली. तिथंच गप बसलो असतो तर निभावलं असतं. पण रद्द झालेलं पुस्तक अभ्यासिकेत सापडलं तर दाखला अडकेल, ही धास्ती. आणि वरून झालेली चूक नियमानं दुरुस्त करायची हुक्की. मी लगेच प्राचार्यांना अर्ज लिहिला: पाच पुस्तकं यादीतून वगळावीत, एक वाचक रोज वापरतात.

"कोणत्या वर्गाचा वाचक?" प्राचार्यांनी विचारलं.

मी भाबडा, सगळं सांगून बसलो.

"म्हणजे बाहेरची बाई. आणि कुणाच्या परवानगीनं बसते?"

दुसऱ्या दिवशी अभ्यासिकेच्या दारावर सूचना लागली: ओळखपत्राशिवाय प्रवेश नाही. ती आली, तिनं दारात उभं राहून वाचली आणि परत गेली.

सर रजेवरून आले. त्यांना कधी चिडलेलं बघितलं नव्हतं, त्या दिवशी बघितलं. "ती कोण, कुठली, मला म्हाईत नव्हतं का? वर्ष होत आलं, मी तिच्याकडं बघितलं न्हाई. ते काय मी आंधळा हाय म्हणून?" ते प्राचार्यांकडं गेले, अर्ध्या तासानं आले. "आता लेखी झालं म्हणतात. तोंडी होतं तवर चालत होतं." मला लाज वाटली. खरं सांगतो, इतकी लाज पुन्हा कधी वाटली न्हाई.

सरांनी मला तिच्या अंगणवाडीत पाठवलं. रद्द पुस्तकं आता कॉलेजची नव्हती, देऊन टाकता येत होती. मारुतीच्या देवळाच्या ओसरीत अंगणवाडी भरायची. पोरं खिचडी खाऊन राह्यली होती, दोन रडत होती. मी पुस्तकं पुढं केली, म्हणालो, "ताई, आता घरीच न्या. कायमची तुमची."

तिनं ती घेतली. "घरी वाचता आलं असतं दादा, तर उन्हातान्हात तुमच्याकडं चालत आले असते का?" एवढंच म्हणाली. घरी एक खोली, सासू-सासरे, चार लेकरं. गावचं वाचनालय संध्याकाळी उघडायचं आणि तिथं पेपर वाचणारे बाप्येच बाप्ये. मी हे सगळं आता विचारलं, पहिल्यांदा.

मला नोकरी लागली. दाखल्यात सरांनी लिहिल्तं, 'निर्लेखनाचे काम तत्परतेने पूर्ण केले.' टोमणा होता की न्हाई, विचारायची हिंमत झाली न्हाई. मे महिन्यात पेटी घेऊन अंबडच्या स्टँडवर उभा होतो, तर ती दिसली. खांद्याला बाळं तोलायचा काटा, कुठल्यातरी मीटिंगला निघाली होती.

"ताई, परीक्षा?"

"न्हाई बसले," ती म्हणाली. "अर्धं व्हायचंच राहिल्तं." मंग पेटीकडं बघून म्हणाली, "तुमचं झालं वाटतं काम?"

"झालं."

"बरं झालं बाई. एकाचं तरी झालं."

टोचून बोलली असती तर मी सुटलो असतो. पण ती मनापासून म्हणाली होती. माझी गाडी लागली, आणि वर्षभर जायची घाई असलेला मी, कंडक्टर दोनदा ओरडेपर्यंत जागचा हललो न्हाई.