आबांच्या डोळ्यातली लेन्स

"पहिले हात धोवा, मंग बोला," असं म्हणत आबा दोन्ही हात साबणाने धुऊन तसेच हवेत धरायचे. टॉवेल पुढे केला की हात मागे. टॉवेलचं सूत बोटाला चिकटून डोळ्यात जातं, हे मीच त्यांना शिकवलेलं. आता ते मलाच शिकवत होते!

ऐंशीच्या दशकात मी धुळ्यात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे कामाला होते. आबा जवळच्या खेड्यातले शेतकरी. एक डोळा लहानपणीच गेलेला. दुसऱ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि जाड भिंगाचा चष्मा आला. त्यातून कडेचं काही दिसेना. बैलगाडी हाकताना रस्त्यावरची म्हैस एकदम समोरच उगवायची! शेवटी डॉक्टरांनी बुबुळावर बसवायची, झोपण्याआधी काढून ठेवायची लेन्स दिली. त्या दिवशी आबा आमच्या खिडकीतून रस्त्यावरच्या सायकली बघत किती वेळ उभे होते म्हणून सांगू!

लेन्सची डबी ते ठेवायचे देव्हाऱ्यात. मला हसू आलं.

"हसू नका ताई. तठे कोनी खरकटा हात लावस का?"

मी हसू आवरून डबीत भरायच्या औषधी पाण्याची नवी बाटली त्यांना दिली.

पण घरात नवी सून आली. देवापुढचं पाणी ती रोज बदलायची, तसं तिने डबीतलं औषधी पाणीही ओतून दिलं आणि तांब्यातलं भरलं. आबांनी लेन्स नेहमीसारखी घातली. थोड्याच दिवसांत डोळा लालभडक झाला. तशी लेन्स काढून आबा पहिल्या एसटीने हजर. मागे सून.

"मनी चूक व्हयनी, डागदर," आबा म्हणाले.

"नही वो ताई," सून रडायलाच लागली, "देवनं पानी बदलतस, तशे मी यानंबी बदलं."

डॉक्टर संतापले. बुबुळावर जखम झाली होती. हा डोळा गेला असता तर आबांना सगळाच अंधार. महिनाभर औषधाचे थेंब घातले, तेव्हा कुठे तो वाचला.

नवी लेन्स देताना आबांनी सुनेलाच पुढे केलं. "इलेच शिकाडा, ताई. आते हाईच घाली आन हाईच काढी."

घाबरून तिने दोनदा हात धुतले. आबांनी मात्र निवांत मान वर केली. मला तर रडूच आलं. असा विश्वास माझ्यावर कुणी टाकला नव्हता.

पुढे कितीतरी वर्षं दोघं मिळून तपासणीला येत. मग एकदा सून एकटीच आली.

"आबा गयात, ताई. दुपारले, खाटवर बठेल व्हतात." तिने डोळे पुसले. "घरना बठ्ठा लोके रडतस, आन मी पहिले आबानी लेन्स काढी. लेन्स घालीसन झोपानं नही, तुम्हीच सांगेल शे ना?"